बसायला जागा नसलेली सायकल

तीर्थस्वरूप भागवत दाजी यांना,

लिंबागणेशहून तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे मोहनचा, वाकून नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? परळीच्या वीजकेंद्राची राख थंडीत जास्त उडते, तेव्हा सकाळचं फिरणं ऊन पडल्यावर ठेवा. छबुअक्काचे गुडघे काय म्हणतात तेही कळवा. इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर मला बसलेला धक्का अजून उठलेला नाही.

स्थळाकडच्या सारजाबाईंनी तुम्हाला फोनवर जे सांगितलं (सांगितलं असणारच, त्या निघाल्या तेव्हा गाडीत बसायच्या आधीच फोन कानाला होता), ते अर्धं खरं आहे. आमची वनमाला भर मैदानात, चारचौघांत जमिनीवर आडवी पडली, हे खरं. ती चक्कर येऊन पडली, हे खोटं. ती ठरवून पडली. हे कसं झालं ते तुम्हाला नीट कळावं म्हणून हे पत्र. अक्कानं आरोहीसाठी एवढ्या हौसेनं आणलेल्या स्थळाचं काय झालं, तेही यातच येईल.

तुमची भाची आरोही पुण्यात सायकलीच्या कारखान्यात फ्रेमची चित्रं काढायची, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षी दिवाळीला आली ती म्हणाली, आता मी माझी स्वतःची फ्रेम करणार, ट्रायल्सची. ट्रायल्स हा एक खेळ आहे म्हणे. दगड, ओंडके, ओटे यांच्यावरून पाय खाली न टेकवता सायकल उड्या मारत न्यायची. (आपल्याकडचे रस्ते पाहता हा खेळ आपण सगळेच खेळतो, पण त्याला बक्षीस असतं हे मला नवीन होतं.) तिनं कागद दाखवला तेव्हा मला वाटलं, चित्र अर्धं राहिलंय. मधला नळा घसरगुंडीसारखा खाली उतरलेला, पेडलचा गाभा चाकांच्या आसापेक्षाही वर चढवलेला, आणि सीटचा दांडा जिथं असायला पाहिजे तिथं नुसती हवा. मी विचारलं, बसायचं कुठं? ती म्हणाली, "पप्पा, यावर बसायचंच न्हाई."

दाजी, मी आयुष्यात जे काही केलं ते बसून केलं. सरपंचकी बसून केली, सोसायटी बसून चालवली, भांडणं बसून मिटवली. बसायचंच नाही अशी वस्तू माणूस मुद्दाम कशाला करील, हे माझ्या डोक्यात शिरेना. पण पोरीचं असं की हँडलचा कोन एक अंश इकडे की तिकडे, यावरून ती जेवताना भाकरी हातात धरून बघत बसायची आणि कालवण निवून जायचं. मी म्हटलं, करू दे.

मांजरसुंब्याच्या चौकात आश्रुबाचं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे, तिथं जोडकाम झालं. नळ्या पुण्याहून आल्या, हलक्या आणि चिवट. आश्रुबानं काम जिवापाड केलं. घ्यायला गेलो तर फ्रेमला सीटचा दांडा, वर मऊ सीट आणि मागं कॅरिअर. तो म्हणाला, "ताई घाईत इसरल्या आसतील म्हणून म्या लावून दिलं. लई भारी सीट हाय, बुलेटची." आरोहीनं कापायचं मशीन मागितलं. ठिणग्या उडत होत्या तोवर आश्रुबा रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

पहिली फ्रेम आमच्या ओढ्यावरच्या दगडी बांधावरून उडी मारताना मोडली. कडाड आवाज आला तेव्हा मला वाटलं, पोरीचं हाड गेलं. पळत गेलो तर ती धुळीत बसून हँडलखालचा जोड उन्हात धरून बघत होती, कोपर सोललेलं आणि चेहरा असा की जणू पहिला नंबर आलाय. म्हणाली, हितंच जाणार असं वाटलंच होतं. दुसऱ्या फ्रेमला तिनं तिथं आतून तिकोनी पट्टी दिली आणि ती टिकली. तिची आई, वनमाला, हे सगळं लांबून, धुण्याची बादली घेऊन बघत असायची. बोलायची काही नाही. एकदा फक्त भाजी निवडताना तिनं विचारलं, "उतरताना आधी मागचंच चाक टेकवतीस ना गं?" मी त्या दोघींकडे बघतच राहिलो.

आता चूक माझी झाली असेल तर ती इथं. पोरीनं नवी सायकल बनवली, हे मी गावात जरा मोठ्या आवाजात सांगितलं. ते अमरसिंह भैयांपर्यंत गेलं. (आमचे तालुक्याचे पुढारी. यंदा उभं राहायचं मनात आहे, त्यामुळे बारशालाही भाषण करतात.) त्यांनी देवळामागच्या मैदानात मंडप टाकला आणि फ्लेक्स लावला, 'ग्रामीण विद्यार्थिनींसाठी क्रांतिकारी सायकल, शुभहस्ते मैदानाला फेरी'. आरोही म्हणाली, पप्पा, ही शाळेत जायची सायकल न्हाई. मी म्हटलं, फ्लेक्स छापून झालाय. त्यातच मला वाटलं, पोरीचा मान होतोय तर पाहुण्यांनी तो बघावा, म्हणून अक्कानं सुचवलेल्या मंडळींनाही त्याच दिवशी बोलावलं. सारजाबाई, त्यांचे यजमान आणि मुलगा अंगद, जो साखर कारखान्यात केमिस्ट आहे, असे पुढच्या रांगेत बसले.

भैयांनी नारळ फोडला, हार घातलेल्या अवस्थेतच टांग टाकली आणि हातानं मागं चाचपलं. सीट लागेना. पाचशे माणसं बघतायत म्हटल्यावर विचारणार कसं? मग तिथं जे होतं त्यावर ते बसले. तिथं मागचं चाक होतं. चाक फिरलं, भैया हारासकट मागं आले आणि हँडल त्यांच्या अंगावर. कोणी हसलं नाही, दाजी, एवढा सगळ्यांना धक्का बसला. चौघांनी उचलून उभं केल्यावर त्यांनी माइक घेतला आणि शांतपणे सांगितलं, "काम अपूर्ण हाय. सीटसाठी आपण निधी मिळवून देऊ." टाळ्या पडल्या.

आरोहीनं माइक मागून घेतला आणि म्हणाली, सीट नकोच आहे, ही फ्रेम अशीच असते. सारजाबाई शेजारणीला म्हणाल्या, पण माइक जवळच होता, "शिकलेली हाय, पण कामं अर्धीच ठिवती वाटतं." पोरीचा चेहरा उतरला. वर्षभराचं काम एका वाक्यात गेलं. मग ती म्हणाली, सांगून कळणार नाही, दाखवते. कोणीतरी खाली आडवं पडा, मी पाय न टेकवता वरून जाते. दाजी, भैयांच्या जिवाला जीव देणारी सगळी पोरं मंडपाच्या खांबांमागं गेली. एकाला फोन आला. मी उठणार होतो, पण खुर्ची जरा खोल होती.

तेवढ्यात बायकांच्या सतरंजीवरून वनमाला उठली. माझ्यासमोर चार माणसांत कधी मोठ्यानं न बोललेली बाई. तिनं चष्मा काढून सारजाबाईंच्या हातात दिला, पदर खोचला आणि मैदानाच्या मधोमध पाय सरळ करून पडली. म्हणाली, "आण गं."

मी हाक मारली, "आगं, कावून, कशापायी?" तिनं मानही वळवली नाही.

आरोही सायकलवर उभी राहिली. जागच्या जागी दोन्ही चाकांवर उड्या, मग नुसत्या मागच्या चाकावर. मैदानात आवाज फक्त टायरचा. मग ती दबली आणि सुटली. सायकल आईच्या पोटावरून हातभर उंचीनं गेली, मागचं चाक आधी टेकलं, मग पुढचं, पाय शेवटपर्यंत पेडलवर. वनमालाच्या तोंडावर धूळ आली आणि ती शिंकली. मग पडल्या पडल्याच म्हणाली, "आता तिकडून हिकडं." आरोही परत आली. आईला उठवताना मात्र पोरगी तिला पोटापासून पायापर्यंत चाचपून बघत होती, आणि वनमाला तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "आगं, माजा भरवसा तुज्यावर व्हता, तू कशाला भेतीस."

पाहुण्यांनी चहा उभ्यानंच घेतला आणि नकार सारजाबाईंच्या चेहऱ्यावरच होता. पण त्या रविवारी अंगद एकटाच आला. मी पोहे टाकायला सांगितले. त्यानं विचारलं काय, तर पेडलचा गाभा नेमका किती वर आहे. आरोही त्याला दुपारपर्यंत सांगत होती. आता तो सुट्टीच्या दिवशी येतो आणि गोठ्यामागं आडवा पडतो. स्थळ मोडलं की जमलं, ते मला कळत नाही, अक्कानंच ठरवावं. गावातल्या पोरांनी सायकलींच्या सीटा काढून टाकल्यात, आश्रुबाकडं चार फ्रेमा सांगितल्यात. धक्का एकट्या मलाच बसून राहिलाय.

अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
मोहन

ता. क. आरोहीला परळीच्या कॉलेजनं प्रात्यक्षिकाला बोलावलंय. वनमाला आडवी पडायला एका पायावर तयार आहे. पण माझी हात जोडून विनंती अशी की तिच्याऐवजी तुम्ही पडावं. घरच्या जावयाला जमिनीवर पडायला सांगणं शोभत नाही, हे मला कळतं. पण सतरंजी चांगली जाड घालू.

ता. क. २. तुम्हीच का पडायचं, त्याचं कारण कोणाला सांगू नका. वर लिहिलेली उडी मी गावकऱ्यांकडून ऐकून लिहिलीय. सायकल वनमालाच्या वर होती तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, दोन्ही वेळा. माझ्या पोरीनं काय केलंय ते अख्ख्या गावानं पाहिलं, मी सोडून. खाली तुम्ही असलात तर मला उघडे ठेवता येतील.