सीलबंद केबल आणि रामनगरचा चढ

२८ सप्टेंबर १९९७, रविवार

आमच्या मधुवंतीला नदीपलीकडच्या रामनगरच्या कन्याशाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी लागली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी, तेरा तारखेला, रुजू व्हायचे. पहिल्याच दिवशी सकाळची प्रार्थना तिनेच म्हणायची, असे मोठ्या बाईंनी बजावले आहे. म्हणजे वेळेवर पोहोचणे आले. वाटेत पुलाचा चढ. चढ म्हणजे गिअर. गिअरची सायकल घरात आहेच. मात्र पुराच्या गाळाने केबल आतून गंजली आणि गेली दोन वर्षे सायकल सर्वांत जड गिअरमध्ये अडकून आहे.

हिने सुचवले की मैदागिनच्या दुकानात साधी केबल टाकून घ्यावी, चहा होईपर्यंत काम होते. मी शांतपणे समजावले. प्रतिज्ञा: साधी केबल पुन्हा गंजेल. हेतू, म्हणजे कारण: तिची तोंडे उघडी असतात. उदाहरण: आपली मोरी. चौथ्या पायरीपर्यंत, उपनयापर्यंत, आलो तोवर ही भाजी निवडायला उठून गेली. तीस वर्षे पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवतो आहे; घरात निगमन, म्हणजे निष्कर्ष, मला एकट्यालाच ऐकावे लागते. ते असे: सीलबंद केबलच हवी.

१ ऑक्टोबर, बुधवार

मेहुणे यज्ञेश्वर जहाजावरून रजेवर आले आहेत. फोनवर सांगितल्याप्रमाणे परदेशातून केबलचे दोन संच आणले: एक मागच्या गिअरसाठी, एक पुढच्यासाठी. रचना सुंदर आहे. तारेवर गुळगुळीत लेप, तिच्याभोवती अखंड नळी, नळीच्या दोन्ही तोंडांवर रबरी टोपी. धूळ, पाणी, गाळ, काही आत शिरू शकत नाही. जेवताना सर्वांना समजावून सांगितले. यज्ञेश्वरांनी किंमत सांगितली तेव्हा हिच्या हातातला डाव वाटेतच थांबला. हिचे म्हणणे, एवढ्यात मुलीला नवी सायकलच आली असती. नवी सायकल म्हणजे पुन्हा उघडी केबल. हे हिच्या ध्यानात येत नाही.

संकल्प: उद्या पहाटे प्रारंभ.

४ ऑक्टोबर, शनिवार

प्रारंभ आज झाला. पाठशाळेत कामे होती, शिवाय विषयाची पूर्वतयारी आवश्यक होती. माहितीपत्रक दोनदा वाचले. नळी मापून कापली. हँडल सरळ असताना माप अचूक आहे. हँडल उजवीकडे वळवले की नळी ताणली जाऊन सायकल आपोआप गिअर बदलते. मधुवंती म्हणाली की रामनगरला जाताना उजवीकडे बऱ्याचदा वळावे लागते, बाबा. मुलगी हुशार आहे. दुसऱ्या संचातली नळी वापरेन. पुढच्या गिअरची आवश्यकता, विचार करता, तितकीशी नाही.

कंबर धरली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरी नळी सायकलवर बसवली. वरचे तोंड हँडलपाशी, खालचे मागच्या चाकापाशी. आता फक्त तार ओवायची, ताणायची आणि टोप्या चढवायच्या. आजच झाले असते, पण दिवे गेले. घाई हे अविचाराचे मूळ आहे. उद्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार, खंडेनवमी

विसरलो होतो. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर हिने पहाटेच पाटावर मांडले. आपल्या घरची रीत: पूजेला बसलेले हत्यार दसऱ्याचे सोने वाटेपर्यंत हलवायचे नाही. हरकत नाही. सायकलचीही पूजा केली, आणि यथासांग केली. ही म्हणत होती की फूल बुडवून शिंपडले तरी पुरे. मी सांगितले की अंगपूजेत एखादे अंग वगळले तर ती पूजा नव्हे, सवलत. घंटी, चाके, चेन यांना पंचामृत झाले. नवी केबल तर आजची मुख्य देवता. तिच्या वरच्या तोंडात पळीने धार धरली. ही ओरडली, अहो, ते आत जातंय! आत गेले ते अर्पण झाले, मी म्हणालो. यज्ञेश्वर हसत बाहेर गेले. त्यांना कर्मकांडाचे गांभीर्य नाही.

बाहेरून ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली.

११ ऑक्टोबर, शनिवार, दसरा. सायं. ७

सोने वाटून झाले. हत्यारे मोकळी झाली. तार ओवली, ताणली, कसली, दोन्ही टोप्या घट्ट चढवल्या. यापुढे आतले आणि बाहेरचे जग वेगळे. अंगणात परीक्षा घेतली. हँडलवरचा गिअरचा खटका असा हलतो की बोटाला जाणवतही नाही, तुपासारखा. हे शब्द मी मोठ्याने म्हणालो तेव्हा हिने माझ्याकडे का पाहिले ते कळले नाही.

सीलबंद केबल घ्यावी की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला.

१२ ऑक्टोबर, रविवार

खटका किंचित जड. नवी वस्तू अंगवळणी पडायला वेळ घेते. नवी चप्पलही चावते. दुपारपर्यंत दोन्ही अंगठे लावावे लागले. कारण उकाडा. सायकल सावलीत घेतली. संध्याकाळी गिअर सर्वांत जड जागी गेला आणि तिथेच स्थिरावला. स्थैर्य हाही गुणच. टोप्या उघडून पाहू का, असे मधुवंतीने विचारले. सील उघडायचेच असेल तर सील करायचे कशाला? हे तिला पटले असावे, कारण ती उद्याच्या साडीला इस्त्री करायला गेली.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सायं. ६

मुलगी दमून आली. सपाटीवरही पेडल फिरेना, उभे राहून मारले, मग चेन उतरली. निम्मी वाट सायकल ओढत नेली. पोहोचली तेव्हा मुली रांगेत उभ्या होत्या. साडीला काळे डाग, श्वास लागलेला. प्रार्थनेची पहिली ओळ निघालीच नाही. शेवटी मोठ्या बाईंनी स्वतः म्हटली. नंतर तिला बोलावून इकडच्या हिंदीत म्हणाल्या की कल फिर देखेंगे, बेटी, गळा ठीक करके आना.

मी तिला चेनचा ताण आणि गिअरचे गुणोत्तर यांचा संबंध समजावू लागलो. ती म्हणाली, बाबा, रहने दीजिए ना. एरवी ती माझ्याशी मराठीतच बोलते.

जेवण गेले नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी मधुवंती आवरून माजघरात आली, पण सायकलला हात लावीना. बोट दाखवून म्हणाली, हेतू रांगेने येतो आहे, बाबा. पाहिले. तांबड्या मुंग्यांची रांग उंबऱ्यावरून, चाकावरून, थेट केबलच्या खालच्या टोपीपाशी. तिथे चिकट थेंब. मी सांगितले की हेतू सदोष आहे. मुंग्यांना परदेशी रबराचा वास आवडत असण्याचा संभव आहे. ही म्हणाली, दूध, दही, तूप, मध, साखर. यातलं रबर कुठलं ते सांगा.

उत्तर देणार होतो. तेवढ्यात समोरच्या अंबिकाबाईंनी आपली जुनी काळी लेडीज सायकल पाठवली. हिने आदल्या दिवशीच सांगून ठेवले असावे. गिअर नाही. केबल नाही. मधुवंतीने पिशवी अडकवली. मी कॅरिअर धरून उभा राहिलो; चेनच्या तेलाविषयी दोन शब्द सांगायचे होते. ती घंटी वाजवत गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

त्याच दिवशी, सायं. ६

वेळेवर पोहोचली. प्रार्थना म्हटली. मोठ्या बाईंनी दुसऱ्यांदा म्हणायला लावली, ती कौतुकाने. मी विचारले, गिअरवाचून पुलाचा चढ कसा जमला? म्हणाली, उतरून ढकलली. पुलावर सगळेच उतरतात, बाबा. दोन मास्तरणी भेटल्या, बोलत बोलत ढकललं. चढ कळलाही नाही.

याचा अर्थ गिअर मुळात लागतच नव्हता, असे ही म्हणते. हा हेत्वाभास आहे, नुसता दिसायला हेतू. त्याचे खंडन सविस्तर लिहायला हवे.

आज नको. मधुवंती आत काल न निघालेली ती ओळ म्हणते आहे, आणि मला मुंग्यांसाठी हळद टाकायला बोलावले आहे.