डॉक्टर म्हणाले होते

प्रिय खारूताई,

परवा फोनवर तू हसत म्हणालीस, नव्या घराचा जिना चढताना धाप लागते, वजन वाढलंय गं. मग म्हणालीस, 'तुझा आवाज का असा कोरडा?' मी म्हटलं, झोप झाली नाही. झोप झाली होती. जेवण जातं, शब्दकोडंही सुटतं. आत काही हलत नाही, एवढंच. तोंडाने मला हे सांगता येणार नाही, म्हणून पत्र.

त्याआधीच्या सोमवारी माझा टूडी इको झाला, ती हृदयाची सोनोग्राफी. काळजी नको, रक्तदाब जरा वर होता म्हणून डॉक्टरीणबाईंनी पाठवलं. अंधारी खोली, डाव्या कुशीवर वळा, छातीवर ते गार, चिकट जेल. पूर्वी तशाच पलंगावर तू असायचीस आणि मी तुझे पाय धरून बसायची. चार वर्षांची होतीस, रडलीस की ओठ जांभळे व्हायचे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा भोकाड पसरलंस तेव्हा मी नुसती ओठांकडे बघत होते. गुलाबीच राहिले. मला हसू आवरेना. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, 'पोर रडतंय आणि ही हसतेय, कसली आई!' गोळ्या तू खारीसारख्या गालात साठवायचीस, मग त्या उशीखाली सापडायच्या. तेव्हापासून तू खारूताई.

तपासणारी मुलगी बोलकी होती. म्हणाली, 'काकू, घरात कुणाला हृदयाचा त्रास?' मी ऐटीत सांगितलं, लेकीच्या हृदयाला भोक होतं, फुफ्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद होती, लहानपणीच ऑपरेशन झालं. आता बत्तीस वर्षांची आहे, ठणठणीत, नवऱ्याला धाकात ठेवते. ती हसली. 'मग शेवटचा इको कधी?' मी म्हटलं, अकरा वर्षांची असताना. तिचा हात थांबला. मग तिने हळूहळू समजावलं. ती वाट मोठी करताना तिथली झडप बहुतेकदा गळकी राहते. रक्त थोडं थोडं मागे येतं, उजवा कप्पा ताणत जातो. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा बराच ताणलेला असतो. म्हणून इको आयुष्यभर करायचा, मोठेपणी एमआरआयसुद्धा. वेळेत कळलं तर नवी झडप बसवतात, माणसं छान जगतात. 'काकू, पुसून घ्या,' म्हणाली. मी पुसून घेतलं, रिपोर्ट घेतला, येताना दूध आणलं. माझा रिपोर्ट चांगला आहे.

अकराव्या वर्षीची ती तपासणी तुला आठवते का? शाळेत खेळाच्या तासाला बाई तुला बाकावर बसवायच्या, सगळ्यांच्या बाटल्या सांभाळायला. हॉस्पिटलमधून परतताना बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून विचारलंस, 'मी अजून आजारीच आहे का गं?' मी मांडीवरची फाइल पिशवीत सरकवली. पुढच्या वर्षी तारीख जवळ आली तसं तुझं जेवण सुटलं. एका सकाळी मी सांगितलं, डॉक्टरांना फोन केला होता, आता यायची गरज नाही म्हणाले. तू दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरलीस. बाबा म्हणाले, 'सुटलो बुवा!' आणि संध्याकाळी तुला सायकल घेऊन आले. ते गेले तेही तू पूर्ण बरी झालीस याच समाधानात.

खारू, मी डॉक्टरांना फोन केलाच नव्हता. तुझ्या फाइलच्या शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, दरवर्षी तपासणी, कायम. मी ते तेव्हाच वाचलं होतं. मला एक वर्ष, फक्त एक वर्ष, आजारी नसलेली मुलगी हवी होती. मग दुसरं वर्ष आलं, आणि माझं खोटं मलाच खरं वाटू लागलं. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर दर शनिवारी आम्हाला आपापल्या चुका वहीत लिहायला लावायच्या. ही मी कुठेच लिहिली नाही. ती धाप वजनाची नसेल गं. फाइलची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तुझ्या घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात, लहानपणी ऑपरेशन झालेल्यांना तपासणारे वेगळे डॉक्टर आहेत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी दहाला तुझं नाव घातलंय. मला हवं ते बोल, वाटलं तर बोलूच नकोस, नवऱ्याला सांग माझी आई कशी बाई आहे ते. पण गुरुवारी जा.

तरीही तुझीच,
आई