डोळ्याभोवतीचं अर्धं कडं

बोईसर, रविवार, संध्याकाळ

शेजारचे जनूभाऊ लव्हबर्ड पाळतात. दोन जाती चुकून एकाच पिंजऱ्यात राहिल्या आणि पिल्लू निघालं भलतंच: तोंड फिकट नारिंगी, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं अर्धंच.

"वैनी, हा संकर हाय. याला पुढं पिल्लं नाय व्हायची. ठेवून काय करू? उद्या उमरोळीला शेतात सोडतो."

म्हणजे कावळ्यांची सोय. मी म्हटलं, "भाऊ, मलाही झाली नाहीत. मला कुठल्या शेतात सोडताय?"

बिचारे पिल्लाचा पिंजरा माझ्या हातात देऊन पळालेच. मी जास्त बोलले का? मुळीच नाही. कॉलनीतल्या बायका ओटी भरताना अजूनही "यंदा तरी गं!" म्हणतात, तेव्हा मीच गप्प बसते.

ते अर्धं कडं आत्ता माझ्याकडेच बघतंय. पुढच्या हळदीकुंकवाला पिंजरा घेऊनच जाणार. कुणी "यंदा तरी" म्हटलं की सांगेन, झालं हो! तोंड नारिंगी आहे.