सकाळची एरर

मंगळवार, संध्याकाळ

सियालदहला गाडीत बसायला जागा मिळाली, तरी बराकपूरपर्यंत डोक्यात तीच एरर.

गिऱ्हाइकाच्या छोट्या सर्किट बोर्डासाठी कंपायलर, म्हणजे आपला कोड त्या बोर्डाच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, तयार करतोय. त्याची सपोर्ट लायब्ररी सकाळी अडली. ज्या यंत्रावर चालायचं त्याची माहिती देणारी हेडर फाइल सापडत नाही म्हणे. मी काय केलं, तर माझ्याच लॅपटॉपवरच्या हेडर फाइलींकडे जाणारा पाथ दिला. एरर गेली, बिल्ड पूर्ण झालं. साहेबांना ‘झालं’ म्हणून कळवूनही टाकलं. एवढी घाई कशाला?

दुपारी त्यातून बनवलेला प्रोग्रॅम बोर्डावर चालवला, तर सुरू होताच बंद पडला. शेजारच्या टेबलावरच्या सुतपादींनी स्क्रीनकडे पाहिलं. “ये तो आपके लैपटॉप का हेडर है। बोर्ड का किधर है?” बोर्डाचे हेडर कुणी बसवलेच नव्हते. मी तो पाथ काढला आणि सकाळचीच एरर परत आली, शब्दन् शब्द तीच. ती खरं सांगत होती. मीच तिला गप्प बसवलं.

परवा बोर्ड गिऱ्हाइकाकडे जायचाय. उद्या साहेबांना काय तोंड दाखवू?

आत्ता बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं, “झालं का ते काम?” ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं.

“नाही,” म्हणालो.