पाचवा पांडव

शिवांजली, समज, येळवशीला, म्हंजी वेळा अमावास्येला, एक मुलगी शेतातल्या कडब्याच्या कोपीत पूजेचे पाच दगडी पांडव मांडतेय. दगड चारच मिळाले, म्हणून तिनं बांधावरचा हद्दीचा दगड उचलला आणि चुना लावून पाचवा पांडव केला. दगड जागेवर दिसेना, तसा तिचा काका ओरडला, "दादा, बांध सरकिवलास व्हय?" आणि त्यानं तिच्या बापाच्या खांद्यात कुऱ्हाड घातली.

तुझ्या बाबांना घेऊन मी नळदुर्गच्या दवाखान्यात चाललोय. रक्त थांबत न्हाय. काकाला तोडायला तुझे मामा मुरुमहून निघालेत.

त्या मुलीला आजोबांनी सांगितलं होतं, "तुला कुणी मारणार न्हाय." मग तिनं कोपीतला तो पांढरा दगड पोटाशी धरून घरी आणला, मामांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "बांध कुणी सरकिवला न्हाय, दगड म्या उचलला."

— आबा