निळ्याचे शेवटचे अठ्ठावीस अंक

ता. ९ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराला तब्येतीचं निमित्त नाही. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. सूनबाईची तक्रार अशी की बाबा हल्ली स्वतःशीच बोलतात. बोलत नाही हो, वाचतो. तुम्ही पाठवलेले तिन्ही खोके उघडून बसलोय. घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि नातीनं निळ्याचं एक मुखपृष्ठ फाडलं म्हणून मी चार वर्षांच्या पोरीशी दोन दिवस अबोला धरला होता.

तुमच्या यजमानांच्या निवडक गोष्टींचं पुस्तक निघतंय, त्यातल्या बारा गोष्टी मी निवडायच्या. दुसरं कोण निवडणार म्हणा. निळी टोपी घालून आभाळात उडणाऱ्या निळ्याच्या चित्रकथेचे तीनशे एकोणचाळीस अंक त्यानं लिहिले, आणि छापायला जाण्याआधी त्यातला प्रत्येक माझ्या टेबलावरून गेला. मी लाल पेन्सिलीनं गुण द्यायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. संहिता टेबलावर टाकून मागे उभा राहायचा आणि खांद्यावरून विचारायचा, किती? आताही एखादा अंक संपवला की मान आपोआप मागे वळते. मागे कपाट आहे.

तर कामाचं बोलतो. पहिले पन्नास अंक ओबडधोबड आहेत, पण जिवंत आहेत. निळ्या त्यात खरोखर हरतो, आणि हरलेलं पुढच्या महिन्यात परत मिळत नाही. माझ्या लेखी चांगल्या गोष्टीची एवढीच कसोटी. एक्केचाळिसाव्यात त्याची आई जाते, तो अंक घ्यायचाच. साठ ते नव्वद मालकांच्या हट्टापायी पाण्याखाली घडतात. ते सगळे बुडाले. खलनायक जुळा भाऊ निघतो अशा चार गोष्टी आहेत, चारही गाळतो. दोनशेच्या आसपास मात्र त्याचा हात असा बसलाय की माझ्यासारख्या खडूसानंही चाळीसपैकी सदतीस गुण दिलेत.

तुमचं म्हणणं, शेवटच्या दोन-सव्वादोन वर्षांतले जास्त घ्या. वाचकांचाही कौल तोच आहे. तीनशे बारा ते तीनशे एकोणचाळीस. त्यांच्याबद्दल नंतर लिहितो.

मंगळवार

नंतर म्हणजे आज. पत्र दोन दिवस पाकिटाविना पडून होतं. सूनबाई टाकून येते म्हणाली, मी दिलं नाही.

तुम्ही लिहिलंत, "शेवटच्या महिन्यापर्यंत इतकं बांधीव लिहिणारा माणूस एका सकाळी, तुमच्या मासिकानं पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या जुन्या ऑफिसकडे का निघाला, आणि भर रस्त्यात गाडीसमोर का उभा राहिला, हे चार वर्षं झाली तरी मला उमगत नाही. कडी लावायची माझ्याकडून राहिली, एवढंच उरलंय." ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता डोळे मिटले तरी दिसतं.

वहिनी, ते बांधीव लिहिणं त्याचं नव्हतं.

तीनशे बाराव्या अंकाची संहिता आली. निळ्या दमून घरी येतो आणि आई दार उघडते. म्हणते, किती उशीर, हातपाय धू आधी. आमच्याकडे एक वही असायची. कोण मेलं, कुणाचा कुठला हात मोडला, सगळं त्यात. ती बघायचीही गरज नव्हती. मी शेरा मारला, सातत्य शून्य, आणि हसत म्हणालो की लेखकराव, मेलेल्या बाईला उठवलंत की. चूक काढली की तो खवळायचा, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी खवळला नाही. खुर्ची ओढून बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "कधी गेली ती?"

मी अंक सांगितला. त्याचे डोळे भरून आले. कुणी आत्ता येऊन बातमी द्यावी तसा तो बसून राहिला. बाजूला चित्रकार होता, त्याला वाटलं नाटक करतोय. मला तसं वाटलं नाही. मला तिथंच कळलं.

मी आई काढून टाकली आणि तिच्या जागी शेजारीण घातली. पुढच्या महिन्यात निळ्या एकाच पानावर दोनदा त्याच पुलावरून पडला, ते सावरलं. मग अर्धी संहिता मी लिहायला लागलो, मग सगळीच. शेवटच्या वर्षभरात पहिल्या चित्राचा मजकूर तेवढा त्याचा असायचा. वाचकांची पत्रं पोत्यानं येत होती, अशा गोष्टी आजवर झाल्या नाहीत म्हणून. मालक त्याची पाठ थोपटायचे, तो ओशाळं हसायचा, आणि मी माझ्या टेबलाशी बसून मनातल्या मनात फुलायचो. मित्राची अब्रू झाकत होतो असं मी स्वतःला सांगत आलो. पहिले दोन-तीन महिने ते खरंही असेल. नंतर नाही. जन्म दुसऱ्याला गुण देण्यात गेला, आणि उतारवयात मला लिहायला मिळालं. तो डॉक्टरकडे गेला असता तर सुटीवर गेला असता, आणि माझं लिहिणं संपलं असतं. इतकं साधं आणि इतकं नीच कारण होतं.

तुम्ही मला फोन केला होतात. आठवत असेल. तुम्ही म्हणालात, चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात, मला त्यांच्या ताईच्या नावानं हाक मारतात, डॉक्टरांना दाखवू का, ऑफिसात कसं आहे? मी म्हणालो, "अहो, लेखक माणूस तो, विसरायचाच. अंक वाचताय ना? डोकं ठिकाणावर नसलेला माणूस असं लिहील का?" तुम्ही हसलात. मला म्हणालात, भावोजी, तुमचाच आधार वाटतो. हे बोलणं त्याच्या जाण्याआधी सव्वा वर्षाचं आहे.

डॉक्टरांनी त्याला बरं केलं असतं असं मी म्हणत नाही. त्या दुखण्याला औषध नसतं म्हणतात. पण तुम्हाला समजलं असतं. खिशात पत्त्याची चिठ्ठी असती, दाराला वरची कडी असती, सोबतीला कुणी असतं. आणि तो आपल्याच घरात, आपल्या माणसांत चुकला असता. रस्त्यावर नाही.

सोबत त्याच्या हातच्या अठ्ठावीस संहिता पाठवतोय. छापलेल्या नव्हेत, त्यानं आणून दिलेल्या. इतकी वर्षं माझ्या कपाटात होत्या. शेवटच्या काहींत ओळी पानाबाहेर गेल्यात, निळ्या तर कुठे नावालाही नाही. त्याची आई मात्र प्रत्येकीत आहे. तीनशे बारावी मी परवा पुन्हा वाचली. मी घातलेली शेजारीण तिच्यापुढे अगदी फालतू आहे. ते दार उघडणं हे त्यानं लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान आहे, आणि मी ते शून्य देऊन छाटलं. या संहितांना गुण देण्याची माझी लायकी नाही. पुस्तकात घ्यायच्या की नाही ते तुम्ही ठरवा. छापलेले अठ्ठावीस त्याचे नाहीत, हे मी प्रकाशकांना कळवणार आहे. पण आधी तुम्हाला कळायला हवं होतं.

तुम्हाला संशय आला होता, वहिनी, आणि तो खरा होता. तुम्ही त्याला डॉक्टरकडे नेणार होतात. मी तुम्हाला थांबवलं. त्या सकाळचा विचार यापुढे कराल तेव्हा दाराशी स्वतःला उभं करू नका, मला करा.

उत्तर देऊ नका, असं लिहिणार होतो. पण मग तुमच्या वतीनं आणखी एक गोष्ट मीच ठरवल्यासारखं होईल.

तुम्ही ज्याच्यावर विश्वास ठेवलात,
तो