मुराळी फुटबॉलात अडकला

मु. पो. पारगाव
बुधवार, १ जुलै १९९८

ती. सौ. इंद्राअक्कास,

जानकूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (ठेवलंय तेवढ्यात पाठीत रट्टा घालू नकोस, आधी पत्र पुरतं वाच.) तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल, दाजींचा खोकला थांबला असेल आणि काळी गाय एव्हाना व्याली असेल, असं धरून चालतो. मी खुशाल आहे. तुझी मोहिनीही खुशाल आहे. फोन लावला असता, पण फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस.

गुरुवारी तू मला वारूळवाडीहून धाडलंस ते मुराळी म्हणून. आखाड लागला, नव्या सुनेनं सासरी राहायचं नाही, सासूनं तिचं तोंड बघायचं नाही, तेव्हा दुपारी जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन माघारी यायचं, एवढं साधं काम. निघताना कानात सांगितलंस ते दुसरं. लग्नाला दोन महिने झाले तरी जावई पोरीशी अवाक्षर बोलत नाही म्हणे, नीट बघून ये, तसं असलं तर आखाड सरला तरी मी पोरगी परत धाडायची नाही. आज सातवा दिवस. गाड्या रोज जातात, अक्का. त्यांचा आवाज घरापर्यंत येतो आणि वाटतं, जाऊ दे, उद्याही असेलच की.

पहिल्या दिवशी गाडी चुकली ती पुरणामुळं. पावण्याला गोड घातल्याशिवाय सून बाहेर पाठवत नाही, असं म्हणून विहीणबाईंनी, म्हणजे बायडाबाईंनी, दुपारी चार वाजता डाळ शिजत घातली. सहा पोळ्या खाऊन (सातवी आग्रहाची, ती धरत नाहीत) मी भिंतीकडच्या खाटेवर टेकलो आणि व्याही दादाभाऊंनी टीव्ही लावला. फ्रान्सात जगाचा फुटबॉल चाललाय. आपल्याकडे दिवे लागलेले, अंगणात बेडूक ओरडतायत, आणि पडद्यावर लख्ख ऊन. आपल्याकडनं मावळलेला सूर्य तिकडं जाऊन बसलेला दिसतो. त्या उन्हात ती हिरवळ, तिच्यावर माणसं इकडून तिकडं, तिकडून इकडं. बघता बघता डोळे उघडे राहतात आणि माणूस कुठंतरी निघून जातो. मला आपल्या लहानपणीचं कुकडीकाठचं कुरण दिसायला लागलं, तू पुढं आणि मी तुझा परकर धरून मागं. दादाभाऊंचं ध्यान निराळं. एवढं गवत आणि एक शेळी न्हाई, असं ते रोज एकदा म्हणतात आणि त्यात किती म्हशी निघतील याचा हिशेब घालतात. काल त्या रोमानियाच्या गड्यांनी केस पिवळे करून घेतलेले बघून, एका आईची एवढी पोरं, म्हणून त्या आईची त्यांना लई कीव आली.

शुक्रवारी निघालो तर बायडाबाई म्हणाल्या, शुक्रवारी घरची लक्ष्मी धाडत नाहीत. शनिवार तर वाईटच. आज म्हणाल्या, जाशील बुधी, येशील कधी. सगळे वार पाळणाऱ्या बाईला आखाड तेवढा दिसेना, म्हणून रविवारीच मी धीर करून विचारलं होतं. तर म्हणाल्या,

"सुनंचं तोंड बघायचं न्हाई ना? मग मी टीव्हीम्होरं बसते. म्होरं फुटबॉल, मागं सून. आखाड कुठं मोडला?"

आणि खरंच, अक्का, सगळं घर पडद्याकडं तोंड करून बसतं. बायडाबाई पदर ओढून अगदी पुढं. मोहिनी मागं सैपाकघराच्या उंबऱ्यावर सूप घेऊन. जावई कुंडलिक बाहेरच्या दाराशी. आडवा बसलेला मी एकटा, त्यामुळं मला दोन्हीकडचं दिसतं.

जावयाबद्दल तू म्हणालीस ते पहिले दोन दिवस मला पटलं होतं. दिवसभर कारखान्यात यंत्रं खोलून धुतो, घरी येतो, हूं म्हणतो, जेवतो. शनिवारी मी पेंगत होतो. मोहिनीनं मागून विचारलं, मामा, त्या गड्याला पिवळा कागद का दाखवला? मला काय डोंबल कळतंय! तोंड उघडायच्या आत कुंडलिक माझ्याकडं बघून म्हणाला, मामा, त्यानं मागनं पाय घातला, आणखी एक पिवळा मिळाला की बाहेर. मग ती म्हणाली, मामा, त्याच्या जागी दुसरा येतो का? तो म्हणाला, न्हाई मामा, दहाच राहत्यात. असं चाललंय. ती मला विचारते, तो मला सांगतो, आणि मी मधे मान हलवतो. वडीलधाऱ्यांदेखत बायकोशी बोलायचं कसं, दोन खोल्यांच्या घरात पोरानं कुठं जायचं? सोमवारी ती म्हणाली, मामा, एवढं पळून त्यांना भूक लागत असंल ना? कुंडलिकनं दाराला टेकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाला,

"लागत असंल की, मामा. पण आपल्या घरच्यावानी भाकरी त्यांना कोण घालणार?"

तिकडं गोल झाला, दादाभाऊ ओरडले. मोहिनीच्या सुपातले तांदूळ सांडले. माझे डोळे भरून आले, लाज कसली सांगायला.

बायडाबाईंनी नंतर परसात मला सांगितलं, त्यांच्या लग्नानंतर दादाभाऊ दीड वर्षानं पहिल्यांदा बोलले, आणि बोलले ते काय, तर म्हशीला पाणी दावलं का. सुनेवर तशी वेळ येऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी धरलंय. तेव्हा अक्का, आखाड बाजूला ठेव आणि पोरीला राहू दे. गावातल्या बायका काय म्हणायचं ते म्हणतील. आज-उद्या खेळाला सुट्टी आहे, घर सुनं सुनं वाटतंय, म्हणून लिहायला बसलो.

तुझा धाकटा,
जानकू

ता. क. फायनल बारा तारखेला आहे. तोवर माझ्याशिवाय या दोघांचं बोलणं चालायचं नाही, तेव्हा मला हलता येत नाही. दोन लेंगे आणि तंबाखूची चंची धाडून दे.

ता. क. दुसरा. मामानं पत्र चिकटवायला माझ्याकडं दिलं, ते मी वाचलं. आई, मी मोहिनी. आज खेळ नव्हता, तरी आम्ही दोघं परसात तासभर बोललो, मामा घोरत होते. आता मला विचारायचं ते मी यांनाच विचारते. तू मुराळी धाड, पण मामाला न्यायला.